शाळेच्या बाईच्या वाटची भाजी

बाई, काल भिवंडीत आमच्या खात्याचा रानभाजी महोत्सव झाला आणि आमच्या पाड्याच्या बायकांच्या टोपल्या दुपारच्या जेवणाआधीच रिकाम्या झाल्या. सकाळपासून हे ज्याला त्याला सांगत सुटले आहे. शेजारी सांगून झालं, बहिणीला फोन करून झाला, कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही सोडलं नाही, तरी पोट भरेना. मग लक्षात आलं की हे जिला सांगायला हवं ती तर राहिलीच. तुम्हाला जाऊन वर्षं झाली, मी कृषी खात्यात लागले ते तुमच्या मागे. आज शनिवारची सुट्टी आहे, पाऊस उघडला आहे, आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे. गोष्ट मात्र त्या खिचडीपासूनच सुरू करावी लागेल. तुम्ही स्वतः ती कितीतरी जणांना हसत सांगितलीत, पण पाड्याच्या बाजूने ती कधी कोणी सांगितली नाही.

तुम्ही आमच्या शाळेवर नव्या. साताऱ्याकडच्या, अंबाडीला खोली घेतलेल्या, रोज नाक्यावरून चालत वर येणाऱ्या. आम्ही पोरं तुम्हाला सरळ 'तू' म्हणायचो, कारण आमच्या बोलीत आईला तू आणि देवालाही तू. आधी तुम्ही दचकायचात, मग सोडून दिलंत. त्या वर्षी वरून आलं होतं की पोरांच्या जेवणात हिरवी पालेभाजी घाला. वरून काही आलं की तुम्हाला चैन नसे, ते झालंच पाहिजे. खिचडी शिजवणारी मावशी त्या दिवशी आली नव्हती, मग तुम्हीच पदर खोचून चुलीपुढे बसलात. शाळेमागच्या उतारावर कोळीची भाजी नुकती वर आली होती, गवतासारखी लांब, कोवळी पानं. ती तुम्ही ओटीभर खुडून आणलीत, निवडलीत, धुतलीत आणि खिचडीत घातलीत. आम्ही खिडकीतून बघत होतो आणि एकमेकांना कोपर मारत होतो.

आता आम्ही ओळीने बसलोय. ताटल्यांतून वाफ येतेय, लसणीचा वास सुटलाय, पोटात कावळे ओरडतायत, आणि एकही हात ताटलीकडे जात नाही. तुम्हाला वाटतं मीठ जास्त झालं असेल. मग वाटतं आम्ही रुसलोय. तुमचा आवाज चढतो, "अन्नावर रुसतं का कोणी? खा बरं गुमान." सगळे माझ्याकडे बघतात, कारण मी तोंडाळ. मी म्हणते, "बाई, आम्ही न्हाय खानार. तू बी नको खाऊ. आजून देवाला दावली न्हाय." तुमच्या हातातला चमचा तिथेच थांबतो. दुसऱ्या कोणी आम्हाला दटावून खायला लावलं असतं, नाहीतर अंधश्रद्धेवर भाषण तरी ठोकलं असतं. तुम्ही ताटल्यांकडे पाहिलंत, आमच्याकडे पाहिलंत, आणि चमचा खाली ठेवलात. "मग मी पण थांबते," म्हणालात आणि पुन्हा चूल पेटवून साधा डाळभात टाकलात. त्या दिवशी आम्ही किती उशिरा जेवलो, आणि किती जेवलो, ते माझं मला ठाऊक.

संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. आई भात पेरून आली होती, पाय चिखलाने भरलेले, आणि तिने तुम्हाला बसा-उठा काही न म्हणता आधी फैलावर घेतलं. "शिकवाया आली ना तू? मंग आदी इचारावं. रानातली भाजी आमी रोज बघतो, तरी खुडत न्हाय. आदी देवाला, मंग आमच्या गेलेल्या मानसांना, मंग आमाला. रांग हाय ती." तुम्ही मान खाली घालून ऐकलंत, आणि मग एकदम हसायला लागलात. म्हणालात, "आमच्या खात्यात पण असंच असतं हो, आधी वरच्यांना, मग आम्हाला." आईला तुमचं खातं कळलं नाही, पण हसू कळलं. चहा मग झालाच.

पुढच्या वर्षी तुम्ही काय केलंत? मुख्याध्यापकांना त्यांच्या मर्जीने वर्षात थोड्या सुट्ट्या देता येतात, आणि आमच्या शाळेत मुख्याध्यापकही तुम्हीच, बाईही तुम्हीच आणि घंटा देणाऱ्याही तुम्हीच. त्यातली एक सुट्टी तुम्ही पाड्याच्या भाजीच्या दिवसाला, नवी भाजी देवाला दाखवतात त्या दिवसाला, देऊन टाकलीत. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कुठला सण? तुम्ही म्हणालात, "इथला." आणि सुट्टी देऊनही स्वतः मात्र आलात. आमच्यात बसलात, पळसाच्या पानावर भाजी घेतलीत, आणि "छान आहे हं" म्हणत पाण्याच्या घोटाबरोबर ती गिळलीत. दर वर्षी गिळलीत.

तर यंदा आमच्याकडेही वरून आलं. महोत्सव लवकर घ्या, मोठे साहेब उद्घाटनाला येणार. तारीख आली ती नेमकी आमच्या भाजीच्या दिवसाच्या आधीची. काम माझ्या गळ्यात, कारण मी तिथली. मी पाड्यावर गेले तर आईने ऐकून घेण्याआधीच मान हलवली. मी म्हटलं, खाऊ नका, नुसती मांडा. ती म्हणाली, "खुडायचीच न्हाय तर मांडू काय, माझं डोकं?" ऑफिसात परत आले तर एकाने सल्ला दिला, कशाला एवढं, बाजारातून भाजी आणू, टोपलीपुढे पाड्याची पाटी लावू, कोण विचारतंय. बाई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या आयांच्या नावाची पाटी, आणि त्या पाटीमागे दुसऱ्याच कुणीतरी बाया दुसऱ्याच गावची भाजी घेऊन उभ्या. एकदा असं झालं की दर वर्षी तसंच होणार, हे सरकारी माणसाला सांगावं लागत नाही. मग आमच्या बायका महोत्सवाच्या हॉलची पायरी कधीच चढल्या नसत्या.

आमचे साहेब नागपूरकडचे, भला माणूस, पण वरच्या फोनला टरकून असतात. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्हीच एकदा चला आणि आधी विचारा. ते म्हणाले, "विचारायला काय जाते जी, चला." खड्डे चुकवत, चुकले नाहीत ते मोजत आम्ही पोचलो. आईने त्यांना खाटेवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि तुम्हाला ऐकवलं होतं तेच त्यांनाही ऐकवलं, ती रांग, अगदी त्याच शब्दांत. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला त्या जागी तुम्ही दिसत होतात. साहेबांनी तांब्यातलं पाणी संपवलं. मग रेंज शोधत चिंचेखाली गेले आणि तिथून वर फोन लावला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "सर, भाजी अजून तयार नाही. पुढच्या शुक्रवारी घेऊ. पॉवरलूम बंद असतात, भिवंडीत गर्दीही होईल." खोटं एक अक्षर नाही, बाई. आई मला हळूच म्हणाली, "मानूस बरा हाय."

तारीख मिळाली, पण देवाला कोण सांगणार शुक्रवारच्या आत या म्हणून? पाड्याच्या भगताला विचारलं तर म्हणाला, "पेरलेलं वर येऊ दे, मंग बघू." मी रोज फोन करायचे, उगवलं का? आई म्हणायची, उगवंल. सोमवार गेला, मंगळवार गेला. साहेब मला काही विचारत नव्हते, नुसते चष्मा पुसत होते, ते जास्त वाईट. बुधवारी रात्री आईचा फोन आला, "उद्याच्याला ये, आन् रिकाम्या हातानं येऊ नको, नारळ आन." मी इतकी जोरात ओरडले की शेजारीण दारात आली.

गुरुवारी सगळा पाडा देवापाशी जमला. भाजी देवाला दाखवली. मग भगताने गेलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, आजा, आजी, माझा बाप, एकेकाच्या नावाने पानावर थोडी थोडी भाजी. नावं संपली तशी आई मध्येच म्हणाली, "बाईचं बी घ्या." भगताने विचारलं, "कोन बाई? नाव काय तिचं?" आणि बघा गंमत, आख्ख्या पाड्यात तुमचं नाव कोणाला ठाऊक नाही. आम्ही सगळे तुमच्या हाताखाली शिकलेले, पण बाई म्हणजे बाई. भगत हसला आणि मोठ्याने म्हणाला, "शाळंची बाई." सगळ्यांना पटलंच होतं. मला मात्र रडू आलं, आणि बरं वाटलं म्हणून आलं.

काल आमच्या बायका नवी लुगडी नेसून, टोपल्या घेऊन हॉलमध्ये उभ्या होत्या. लूमवाल्या घरांतल्या बाया आल्या. एकीने विचारलं, "ये घास कैसे पकाते हैं?" आई म्हणाली, "घास न्हाय गं, भाजी हाय. लसून डाल, मिरची डाल, जास्ती मत शिजव." तिला सगळं कळलं, दोन जुड्या घेऊन गेली. मोठ्या साहेबांनी चव घेतली. आमच्या साहेबांनी दोनदा वाढून घेतली आणि आईला विचारलं, पुढच्या वर्षी कधी घेऊ? पुढच्या वर्षीची तारीख आमच्या ऑफिसात कोणी ठरवणार नाही, पाड्यावर विचारून ठरेल. हे सांगायलाच बसले होते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. टपाल खातंही आपलंच, त्यांना कशाला अडचणीत आणा. पण जाता जाता एक सांगते. देवापाशी तुझ्या नावाच्या पानावर भाजी मीच वाढली, आणि चिमूटभरच वाढली. तू ती पाण्याबरोबर कशी गिळायचीस ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, बाई, कारण तुझ्या शेजारी बसून मीही तशीच गिळायचे.