फाईंडपुढचा आऊट

मादन हिप्परगा,
कार्तिक शु. ७, शके १८६०

चि. ईरण्णास शरणम्माचे अनेक आशीर्वाद. मी सांगायलेय आन् नागव्वा लिहायलीय. इकडं समदं बरं हाय, एक तुझी तार सोडून.

काल आळंदहून टपालवाला ती घेऊन आला. तार म्हटल्यावर मी हातातलं पीठ तसंच टाकून उठले. तुझे दाजी रानात, म्हणून शाळेच्या श्रीपतराव मास्तरांकडून चावडीवर वाचून घेतली. ‘बॉय फाउंड आऊट, काशप्पाज सन, हुमनाबाद.’ मास्तरांनी चष्मा पुसला आन् सांगितलं की हुमनाबादच्या काशप्पाच्या पोराचं बिंग फुटलंय.

अरे, तुला नागव्वासाठी पोरगा बघ म्हटलं होतं, पोराच्या चोऱ्या धरायला कामून लागलास? काय केलं त्यानं? पत्ते, दारू, का बाई? बाईचं असंल तर पत्रात लिहू नको, पत्र नागव्वाच वाचते. ती म्हणायलीय, तेच आधी लिहा.

काशप्पाची बहीण ह्याच गावात दिलीय. तिच्या कानावर गेलंच असंल. लवकर उलगडा कर. अक्कावरचा जीव पातळ होऊ देऊ नको.

तुझी अक्का

*

बीदर,
कार्तिक व. १

ती. अक्कास ईरण्णाचे शि. सा. शरणार्थ, वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. पोरानं काहीच केलं न्हाई. त्याच्या पंगतीला बसून जेवून आलोय. सरळ पोरगा, बापाचं कापडाचं दुकान. मला कळवायचं होतं की पोरगा शोधून काढला. शोधणं म्हणजे फाईंड, मग काढणं म्हणजे आऊट, असा मी हिशेब केला.

आमच्या हेडक्लार्कनं आता समजावून सांगितलं. हरवलेला बैल, चष्मा, जावई, हे सापडले तर नुसतं फाईंड. लपवलेली गोष्ट उजेडात आणली तर फाईंड आऊट. आन् माणसालाच फाउंड आऊट म्हटलं, की तो लबाडीत सापडला. तवापासून कचेरीत जो तो मला विचारायलाय, आज कोण सापडलं म्हणून.

काशप्पा अब्रूला जपणारा माणूस. ही अफवा त्याच्या कानी गेली तर सोयरीक मोडंल. माझी चूक त्याला नीट सांगून टाक. दाजींना शरणार्थ. माझ्या वाट्याच्या आशीर्वादात काटछाट करू नकोस.

तुझा ईरण्णा

*

मादन हिप्परगा,
कार्तिक व. ९

ती. मामांस नागव्वाचे सा. शरणार्थ, वि. वि.

हे पत्र माझं मीच लिहायलेय. तुमचं पत्र आलं, अव्वानं तुमच्यावर तोंडसुख घेतलं, आन् काशप्पांना माफीचा निरोप धाडायचं ठरलं. तर दुसऱ्या दिवशी तेच दारात उभे. बहिणीनं कळवलं होतं. वाटलं, भांडायला आले. पण त्यांनी आधी दार लोटून घेतलं. फुकट बदनाम झालेला माणूस आल्या आल्या ओरडतो. हे हळूच विचारायले, तारेत किती लिहिलंय म्हणून.

अव्वा खरं सांगणार, तेवढ्यात मी तार आणून त्यांच्यापुढं ठेवली आन् म्हटलं, मामांनी समदं शोधून काढलंय. त्यांना इंग्रजी येत न्हाई. तार उलटीसुलटी करून बघितली आन् बोलायलाच लागले. पोराचं लग्न मागंच भालकीत झालंय. सासूशी पटंना म्हणून सून माहेरी बसवलीय. आम्हाला सांगणारच होते म्हणे, अक्षता पडल्यावर.

अप्पा रागानं उठून बाहेर गेले. अव्वानं मात्र काशप्पांना जेवायला वाढलं आन् सांगितलं, आधी भालकीला जाऊन सुनेला घरी आणा, मग ह्या गावात तोंड दाखवा. ते खाली मान घालून जेवले.

मला आधी हसू आलं. मग त्या भालकीच्या बाईचं वाईट वाटलं. एवढं बोलले, पण तिचं नाव काही त्यांनी घेतलं न्हाई.

मामा, आता तुम्ही दुसरं स्थळ बघालच. मिळालं तर नुसतं सापडलं, एवढंच कळवा. शोधून काढायचं ते मी येऊन काढते.

मामींना शरणार्थ. अव्वाचा राग उतरलाय, तुमची माया तेवढी चढती राहू द्या.

तुमची भाची
नागव्वा