वरच्या मजल्याचं रिस्क असेसमेंट

३ फेब्रुवारी, सोमवार
निवृत्तीचा पाचवा आठवडा. डॉक्टर म्हणाले बीपी रोज लिहून ठेवा, म्हणून ही डायरी. एकतीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. माझ्या शॉपमध्ये एकही मोठा अपघात नाही. (एक झाला, पण तो माझ्या शिफ्टमध्ये नव्हता.)
बीपी : घेतलं नाही. गरज वाटली नाही.
दुपारी आमच्या बाथरूमचं छत ओलं दिसलं. वर भाडेकरू आहेत. सौरभ आयटीत, त्याची बायको तनया फिजिओथेरपिस्ट. दोघंही कामावर. जादा किल्ली माझ्याकडे असतेच, गेलो. गळती सापडली नाही. पाइप बेडरूममधूनही जाऊ शकतो, म्हणून तिथेही पाहिलं. कपाट अर्धवट उघडं. आत मऊ दोराची पाच भेंडोळी, नीट गुंडाळलेली. चामड्याचे पट्टे, आतून मऊ अस्तर. बोथट टोकाची कात्री.
कात्रजमध्ये, पहिल्या मजल्यावर, एवढा दोर कशाला?

४ फेब्रुवारी
ट्रेकिंगचा असेल असं चंद्रभागा म्हणाली. आमच्या सौ.चा स्वभाव भोळा. गेल्या वर्षभरात हे दोघं सिंहगडावर गाडीने गेले, गाडीने आले. पिठलं खाऊन.
संशय कायम.

६ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
गेटपाशी झाडांना पाणी घालत उभा राहिलो. चाळीस मिनिटं. सौरभ हेल्मेट घालताना बाही वर गेली. मनगटावर लालसर वळ! मी समजत होतो तनयाला धोका आहे. इथे उलटंच. तनया मागून हसत आली, म्हणाली, "काका, जास्वंद बुडाली."
विषय बदलण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी.

८ फेब्रुवारी, शनिवार
इंटरनेटवर चार तास. या प्रकाराला बीडीएसएम म्हणतात. आधी वाटलं दातांच्या डॉक्टरांची पुढची डिग्री. नाही. नवरा-बायको राजीखुशीने एकमेकांना बांधतात. काहीजण फटकेही. राजीखुशीने!
आता घर माझं, म्हणजे साइट माझी. उद्यापासून रीतसर रिस्क असेसमेंट.
चंद्रभागेने गोळी घेतली का विचारलं. बीपीच्या गोळीची सवय लागते, म्हणून मी एक दिवसाआड घेतो. तिला हो म्हणालो.

९ फेब्रुवारी
असेसमेंट तयार, चार पानं. शक्यता गुणिले गंभीरता, कारखान्यातलीच पद्धत. नस दबणे : १२. रक्तपुरवठा अडकणे : १५. तोल जाऊन पडणे : १२. श्वास कोंडणे : २५. खबरदारीच्या रकान्यात सगळीकडे 'शून्य' लिहिलं. त्यांना विचारलेलं नाही, पण असणार काय?
डोकं दुखतंय. अक्षर बारीक काढल्यामुळे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
संध्याकाळी वर गेलो. सरळ सांगितलं की गळती पाहायला आलो होतो आणि कपाट दिसलं. सौरभचे कान लाल. तनया म्हणाली, "काका, आमच्या बेडरूममध्ये न विचारता शिरलात, त्याबद्दल आधी बोलायचं का?" मी म्हणालो, मुद्द्यावर या. चारही पानं वाचून दाखवली.
तिने शांतपणे ऐकलं. वर दुरुस्त्या सांगितल्या! गळ्याभोवती काही बांधायचं नाही, हा पहिला नियम. दर थोड्या वेळाने बोटांचा रंग बघायचा, मुंग्या येतात का विचारायचं. कात्री हाताशी. दारू घेतली असेल त्या दिवशी नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. आणि दोघांनी ठरवलेला एक शब्द. तो कोणीही उच्चारला की सगळं तिथल्या तिथे बंद.
"तरी जोखीम आहेच, काका," ती म्हणाली. "नाही म्हणणार नाही. म्हणून तर एवढं करतो."
मग सौरभ पहिल्यांदा बोलला. म्हणाला, ऑफिसात गेल्या वर्षी त्याच्या टीममधल्या दोघांना ताणामुळे ॲडमिट करावं लागलं. वय चौतीस आणि एकोणचाळीस. तिथे थांबा म्हणायला शब्द नाही. तुमचा रोजचा दिवसही याच तक्त्यात मांडून बघा की.
आव्हान. स्वीकारलं. यांची तोंडं बंद होतील.

१२ फेब्रुवारी
स्वतःचं असेसमेंट केलं. कात्रज चौकातून स्कूटर, हेल्मेटचा पट्टा उघडा : १५. उलट्या बाजूने येणाऱ्यांना उभं करून झापणे, रोज सरासरी सहा : १६. झोप साडेचार तास : १६. चहा, तंबाखू (बंद केलेली, अधूनमधून) : २०. बीपी आज घेतलं : १७२/१०४.
बेरीज वरच्या मजल्यापेक्षा जास्त आली. तनयाच्या खबरदाऱ्या धरल्या तर चौपट.
पद्धत चुकली. मशीनही स्वस्तातलं. शक्यतेच्या रकान्यात सगळीकडे १ केलं. माझा अनुभव लक्षात घेता ते योग्यच. आता बरोबर जमलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
निर्णय झाला. घर खाली करायला सांगणार. चंद्रभागा म्हणाली, "अहो, कोणाला त्रास देतात ती? आपल्यापेक्षा नीट राहतात." मी आवाज चढवला. थोडासाच. समोरच्या बिल्डिंगमध्ये खिडकी उघडल्याचं दिसलं. चंद्रभागा भाजी निवडत बसली, पुढे काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११
नोटीस टाइप करायला स्वारगेटला गेलो. रिक्षावाल्याशी वाद, टायपिस्टशी वाद ('अनुचित'चा 'नु' दीर्घ केला). छातीत दाबल्यासारखं झालं. ॲसिडिटी. सोडा प्यायलो. ढेकर आला नाही, पण येईल.

२० फेब्रुवारी, हॉस्पिटल
चार दिवस लिहिता आलं नाही.
रविवारी सकाळी नोटीस घेऊन वर निघालो होतो. नवव्या पायरीवर बसावं लागलं. घाम. जबडा दुखायला लागला. तनया दूध आणायला खाली उतरत होती. मी म्हणालो ॲसिडिटी आहे, हे घ्या, सही करा. तिने कागद बाजूला ठेवला, नाडी धरली, आणि म्हणाली, "काका, आता एक शब्दही बोलायचं नाही." माझ्याशी या सुरात कोणी बोललेलं नव्हतं. गप्प बसलो. तिने सौरभला हाक मारली. त्याने मला उचलून गाडीत घातलं. अठरा मिनिटांत हॉस्पिटल.
दोन स्टेंट. डॉक्टरांनी चंद्रभागेला विचारलं, त्रास कधीपासून? ती म्हणाली, महिना झाला, छाती चोळताना बघत होते. डॉक्टर चिडले, मग बोलला का नाहीत? मी डोळे मिटून पडलो होतो. ती म्हणाली, "यांना काही सांगायचं म्हणजे आधी दोन दिवस धीर गोळा करावा लागतो. तो गोळा होत आला होता."
झोपल्याचं नाटक चालू ठेवलं. दुसरं काही सुचलं नाही.

२७ फेब्रुवारी
घरी. नोटीस फाडली. त्यांना मोठ्या मनाने राहू द्यायचं ठरवलं. वर चढायची मनाई आहे, म्हणून निरोप पाठवला.
संध्याकाळी सौरभ खाली आला. तब्येत विचारली. पेढे आणले, चंद्रभागेसाठी. मग म्हणाला की त्यांनी आंबेगावात जागा पाहिली आहे, मार्चअखेरपर्यंत जातील. मी म्हणालो, अरे, माझी काही हरकत राहिलेली नाही! तो म्हणाला, "हो काका. पण आम्हाला आता त्या घरातून बाहेर जाताना भीती वाटते. कोणी आत येईल अशी."

२३ मार्च, रविवार
टेम्पो आला. कोचावर बसून सामान उतरताना पाहिलं. आज माफी मागायची असं सकाळीच ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. तनया किल्ल्या द्यायला समोर आली तेव्हा विचारलं, गीझर बंद केलात ना? ती हो म्हणाली.
चंद्रभागेने तिला जवळ घेतलं. बराच वेळ. मग म्हणाली, मंगळवारी येते गं, नेहमीच्या वेळेला.
टेम्पो गेल्यावर विचारलं, कुठे जाणार मंगळवारी? म्हणाली, तनयाच्या क्लिनिकमध्ये, गुडघ्याच्या व्यायामाला. दीड वर्ष झालं जातेय.
कोणता गुडघा, विचारलं.
म्हणाली, दोन्ही.