गुणी बाळं

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! पुलाचं काम चालू आहे, गाड्या बंद, म्हणून बसवाल्याने अलीकडेच उतरवलं. पुढे फळ्यांवरून चालत. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात औषधांची पेटी आणि खाली नदी. घाबरले की मला हसू येतं, त्यामुळे पूल संपेपर्यंत मी खिदळत होते. मजुरांना वाटलं असेल, नवी नर्स जरा डोक्यानेच कमी दिसते.

वस्ती एवढीशी. गिरणीच्या कामगारांच्या चाळी आणि मधून एकच रस्ता. रस्त्याच्या या टोकाला माझा दवाखाना, म्हणजे पुढची खोली तपासायला आणि मागची मला. त्या टोकाला एका बाईंचं घर, सगळे त्यांना मावशी म्हणतात. माझं दोन वेळचं जेवण तिथे ठरलंय. मावशी दाराशी पाट टाकून बसलेल्या असतात, एक हात कायम कडीवर. म्हटलं, बरा पहारा आहे. त्या हसल्या. घरात त्यांची सून आणि आठवड्याभराची नात. मुलगा पुलाच्या कामावर, तिकडेच तंबूत राहतो.

माझं काम नवजात बाळांचं. बाळाला जंतुसंसर्ग झाला आणि घरचे काही केल्या हॉस्पिटलात न्यायला तयार नसले, तर घरी जाऊन सात दिवस इंजेक्शन द्यायचं. मोठे डॉक्टर नदीपलीकडच्या हॉस्पिटलात असतात, ते रोज फोनवर विचारपूस करणार. बाकी वेळ बोलायला कोणी नाही, म्हणून ही वही. तोंड बंद राहिलं तर ही पोरगी फुटेल, असं आई म्हणतेच.

इथल्या सगळ्या दारांना आतून जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या ठोकल्यात, फटी बुजवायला. माझ्याही. थंडीसाठी, असं मावशी म्हणाल्या. झोप मस्त लागणार.

६ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस घरोघर फिरले. इतकी शांत बाळं मी जन्मात पाहिली नाहीत. रस्त्यावर भांड्यांचा आवाज, रेडिओचा आवाज, कोंबड्यांचा आवाज, पण बाळाचं टँहँ म्हणून नाही. आणि आयांना त्याचा केवढा अभिमान! आमचं गुणी आहे हो, आवाज म्हणून करत नाही. शेजारणीही मान डोलावतात.

बाळाने तोंड वाकडं केलं रे केलं की पदराखाली. भूक असो नसो. एकीने तर वजन करताना, काटा गार लागला म्हणून बाळ ओठ काढायला लागलं, तेव्हा सरळ तळवा ठेवला त्याच्या तोंडावर. मी हात झटकला तिचा. अगं, श्वास कोंडेल त्याचा, म्हणून चांगली फैलावर घेतली. ती रडवेली झाली, मग मलाच वाईट वाटलं. आधीच्या नर्सबाई फक्त वजन करायच्या, कुणाला टोचायच्या नाहीत, फार चांगल्या होत्या, असं मला दोघीतिघींनी ऐकवलं. घ्या!

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हसण्यासारखं काही नाही.

जेवायला गेले तर सूनबाई म्हणाली, कालपासून बाळ नीट पीत नाही, तोंडात घेतं आणि सोडून देतं. हात लावला, पावलं बर्फ. बेंबीभोवती लाल झालेलं, पू. झबलं वर केलं, सगळ्यांना गप्प बसवलं, टायमर लावला आणि पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. बहात्तर. पुन्हा मोजले. सत्तर. साठच्या वर गेले की आमच्यासाठी धोक्याची घंटा.

मी हॉस्पिटल म्हटलं. मावशी म्हणाल्या, बाळ किती शांत आहे बघ, काय झालंय तिला? मी म्हटलं, मावशी, आजारी बाळच असं शांत असतं, तिच्यात रडायचं त्राण नाही. त्यांनी मान हलवली आणि हळूच विचारलं, "पुलावर, उघड्यावर रडली तर?"

मला वाटलं, मजुरांपुढे लाज वाटते. मनात म्हटलं, काय बाई आहे ही! मुलाला निरोप पाठवला, त्याने आई म्हणेल तसं म्हणून हात वर केले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, तयार नसतील तर वेळ घालवू नका, तिथेच सुरू करा. सात दिवस, एकही चुकवायचा नाही. मध्येच सोडलं तर उलटेल आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही.

सूनबाई तोवर कोपऱ्यात होती. ती पुढे आली, बाळाची मांडी उघडी केली.

"ताई, द्या तुम्ही. मी धरते."

सुई टोचली. बाळ हललंसुद्धा नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं इंजेक्शन. किंचित कण्हली. तोंडाने द्यायचं औषध चमच्याने गेलं. सूनबाई तिला दिवसभर उघड्या छातीशी धरून बसली आहे, पाठ अवघडली तरी उठत नाही. पावलं मघाशी कोमट वाटली. नक्की वाटली की मला वाटायला हवी होती म्हणून वाटली, देव जाणे. मावशी दाराशी, कान बाहेर.

१० नोव्हेंबर, रविवार

रडली! सुई टोचली आणि अस्सा भोंगा पसरला की टायमर हातातून पडला. लाल झाली, मुठी वळल्या, घसा ताणून रडली. मी फोनवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना पाठवलं. ते म्हणाले, याच्याइतकं गोड गाणं आज ऐकलं नाही. सूनबाई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी.

पण मावशींनी धावत येऊन बाळाच्या तोंडावर हात दाबला. मी तो ओढून काढला. खरं तर ढकललं त्यांना. वयाने माझ्या आईएवढ्या. बाहेर एकामागोमाग एक खिडक्या लागत गेल्याचं ऐकू आलं, भर दुपारी. रेडिओ बंद झाले. मावशी पाटावर बसल्या आणि आवाज न करता रडायला लागल्या.

चहा टाकला, तो उकळेपर्यंत मागच्या दाराशी कोणीतरी आलं. धापा टाकत होतं. कुत्रं असेल म्हणून मी हाकलायला उठले, तर सूनबाईने माझा हात असा पकडला की वळ उठलेत.

११ नोव्हेंबर, सोमवार

मावशी आज बोलल्या. ते रडण्यावर येतं. काय आहे, कोणी पाहिलेलं नाही. दार उघडं सापडलं तर रडणं तेवढं घेऊन जातं, बाळाला हात लावत नाही. बाळ मागे राहतं, गप्प. मग एक-दोन दिवसांत झोपेतच जातं. म्हणून इथे कोणी बाळाला रडू देत नाही.

मी ऐकून घेतलं आणि मग सुटलेच. म्हटलं, मावशी, ती बाळं जंतुसंसर्गाने गेली. गप्प होती कारण आजारी होती, आणि तुम्ही गुणी गुणी म्हणत बघत बसलात. बोलले आणि जीभ चावली.

त्या चिडल्या नाहीत. "माझी पहिली मुलगी फार सुरेख रडायची," म्हणाल्या. "प्रत्येक रडण्याच्या शेवटी एक बारीकशी उचकी. ऊन खावं म्हणून मीच दार उघडलं होतं."

मग चौथं इंजेक्शन दिलं. रडली. चहा उकळेल एवढा वेळ गेला आणि दाराच्या पट्ट्या हलायला लागल्या. आत, बाहेर. आत, बाहेर. बाहेर लख्ख ऊन, खालच्या फटीतून उजेड यायचा तो अडलेला. जे होतं ते दाराएवढं रुंद होतं.

सवयीने टायमर लावला. अडुसष्ट. एवढ्या मोठ्या छातीत तान्ह्या बाळाचा श्वास.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पाचवं. बाळाचे श्वास अठ्ठेचाळीस, अंग ऊबदार, बेंबी सुकली. चपाचपा पिते.

पाजता पाजता टोचलं, आवाज कमी यावा म्हणून. तरी रडलीच.

लगेच आलं. घराला फेऱ्या घातल्या. श्वास मोजले, नव्वदच्या वर. श्वासाबरोबर कण्हतंही. ज्या बाळाचे श्वास इतके चढतात त्याला दूध ओढता येत नाही. ते उपाशी असणार.

मी त्याचं निदान करत बसले आहे. हे लिहिताना पुन्हा हसू आलं, थांबेना.

डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, तुम्हाला झोपेची गरज आहे, पण दोनच उरलीत, सोडू नका. पुलावरून नेऊ का, विचारलं. म्हणाले, फळ्या बदलायचं काम चालू आहे, शुक्रवारपर्यंत माणसंही सोडत नाहीत.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सहावं दिलं.

मागच्या दाराची एक फळी आतल्या बाजूला फुगली आहे. पट्टी फाटली. त्या फटीतून गरम हवा आली — दुधाचा वास, आंबलेल्या दुधाचा.

मावशी म्हणाल्या, पोरी, आता पुरे, बरी झाली ती. हात जोडले त्यांनी मला. आणि मला किती वाटलं हो म्हणावं. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, विचारलं, एक नाही दिलं तर चालेल का? खोटं बोलायला तोंड उघडलं होतं.

नाही चालणार, म्हटलं. उलटलं तर पुन्हा बर्फ, पुन्हा गप्प. मग कोणी यायचीसुद्धा गरज नाही.

उद्या शेवटचं. ते दार उद्या टिकणार नाही.

फोनमध्ये रविवारचं रडणं आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपार. दवाखान्यात, मागच्या खोलीत. पलंग दाराला लावलाय.

दिलं. सातवं दिलं. रडली ती, आणि मी बाळ सूनबाईच्या हातात देऊन रस्त्यावर आले, फोन पूर्ण आवाजावर — पळत, मागे न बघता. सगळ्या खिडक्या बंद. माझ्या मागे धापा. माझ्या की त्याच्या, कळत नव्हतं.

आलं आहे. इथे आलं आहे, माझ्या दाराशी. म्हणजे तिकडे नाही. बाळ आता हवं तेवढं रडो. मावशींना सांगून आलेय, काही झालं तरी दार उघडायचं नाही. हो म्हणाल्या. पाटावर बसल्या होत्या.

रेकॉर्डिंग अर्ध्या मिनिटाचं. संपलं की पुन्हा लावते. पट्ट्या आत, बाहेर. मोजायचं सोडून दिलं.

वीज सकाळपासून नाही. फोनमध्ये थोडीच —

पुन्हा लावलं. भीती वाटते. आई, मला फार भीती वाटते.

पुन्हा.

फोन बंद पडला.

रडणं चालूच आहे.

बाहेरून. दाराला लागून. पण हे आमच्या बाळाचं नाही. आमची भोंगा पसरते, हे बारीक आहे — गोड — शेवटी उचकी —

प्रत्येक वेळी शेवटी उचकी.

उजेड आला फटीतून. ते निघालं. रडत रडत निघालंय, रस्त्याने, त्या टोकाला. किती सुरेख रडतंय. फोन चालू होत नाही. मावशी दाराशीच बसलेल्या असतात, हात कडीवर, इतक्या वर्षांनी त्यांना ते ऐकू — पलंग ओढते, मला त्याच्या पुढे पळायला हवं, मावशी, ती नाही, ती तुमची नाही, दार —