दुसरी नी-कॅप

अक्षत,

गुडघ्याची नी-कॅप काल घरभर शोधली. सकाळी दिसली, तुझ्या डर्ट बाईकच्या पुढच्या चाकाच्या फोर्कवर, कापून चढवलेली. विचारलं काहून नाही? अच्छा, कारण समजलं. भेडाघाटची संगमरवराची धूळ नळीच्या रबरी सीलमध्ये गेली की तेल गळतेच. पण फोर्कची एकच नळी झाकून काय होते? दुसरी नी-कॅप टेबलावर ठेवली आहे, तीही चढव. एकटी माझ्या कामाची नाही. फिरून आलास की दोन्ही काढून धू, आत माती राहिली तर तीच सील खाते. पाइपनं जोरात पाणी मारू नको.

मी खमरियाच्या बसनं ड्युटीवर चाललो. संध्याकाळी स्टॉपवर घ्यायला ये म्हटलं असतं, पण तुझ्या गाडीला मागची सीटच नाही.

बाबा