गेरूची खूण

आबा,

मंगळवार, १० जानेवारी १९३९. दुपारचे सव्वातीन. लोणावळ्याच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये, शेठजींनी घरीच बांधायला घेतलेल्या विमानाखाली गोणपाट टाकून बसलो आहे. समोर तुमची पितळी थाळी. तिच्यात तीन वस्तू: पितळेची एक टोपी, तारेचा वाकडा तुकडा आणि एक नट. सकाळी इंजिनाखालचा पत्रा सोडला, तेव्हा तिन्ही माझ्या छातीवर पडल्या.

शेठजी शेजारीच उभे होते. म्हणाले, "बघ तुझ्या मिस्त्रीचं काम. रेल्वेच्या शेडात खपलं असेल, आकाशात नाही खपायचं." रविवारी ते विमान पहिल्यांदा उडवणार आहेत. त्याआधी पुण्याहून माणूस आणून तुम्ही बसवलेलं सगळं इंजिन उलगडणार, आणि का, ते साऱ्या पाहुण्यांना सांगणार. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली, तुम्ही काही उत्तर द्यायला येत नाही. माझे कान तापले. जेवायला उठताना थाळीतले नट मोजणारा आणि हात धुऊन आल्यावर पुन्हा मोजणारा माणूस, तो निष्काळजी?

मी तिन्ही वस्तू पेट्रोलने धुतल्या. टोपीला आतून आटे होते, आणि पेट्रोल उडून गेल्यावर तिला हिन्याचा वास आला. शेठजींच्या कोटातल्या अत्तराच्या कुपीचं झाकण. तार काळी, नागमोडी होती. तो बाईसाहेबांच्या केसांचा अर्धा आकडा. कार्बुरेटरचं भोक आकड्याने कोरू नका म्हणून मी शेठजींना दोनदा सांगितलं होतं, तरी माझी पाठ वळल्यावर त्यांनी कोरलंच. दुपारी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या. ते हसले, आकड्याचं घरात बोलू नकोस म्हणाले. तुमच्याबद्दल जे बोलले होते, त्याबद्दल एक शब्द नाही. उलट जाता जाता विचारलं, "आणि नट? तो तर मिस्त्रीचाच ना?"

नटावर गेरूचा ठिपका आहे, आबा.

मी कामाला लागलो त्याच आठवड्यातला दिवस. मी नटाच्या माथ्यावर गेरू लावतो आहे आणि तुम्ही माझं मनगट धरता. "टिळा लावतुयास व्हय रं? खूण सांध्यावर वढायची. अर्दी नटावर, अर्दी खालच्या लोखंडावर. नट फिरला की खूण तुटली पायजे. मंग आंधळ्यालाबी कळंल." मी चौथी शिकलेला, एकेक वेलांटी तपासून लिहिणारा. तेव्हापासून प्रत्येक खूण तशीच तपासत आलो. गेरूची डबी आणि कुंचला तुम्ही मलाच दिलात.

पण तुमचा खोकला वाढला आणि तुम्हाला बैलगाडीत घालून टाकव्याला, तुमच्या गावी नेलं, त्या दिवशी सहा नट राहिले होते. सिलिंडरमागच्या सांदीत कुंचला जात नव्हता. म्हणून मी सहाही नटांना थाळीतच ठिपके दिले आणि मग ते बसवले. पाच पान्याने आवळले. सहावा हाताने फिरवून ठेवला, उठलो, परत आलो. ठिपका दिसला, म्हणजे काम झालं असं समजलो.

हा ठिपका पूर्ण गोल आहे. सगळा नटावर, कडेला कुठेही तुटलेला नाही. तुमच्या हातची खूण अशी नसते.

सहाही नट आता नव्याने आवळले आहेत, आरशाचा तुकडा धरून सांध्यावर खुणा ओढल्या आहेत. सकाळपासून शेठजींवर इतका चिडलो होतो, आणि त्यांनी नटाचं विचारलं तेव्हा हो म्हणालो नाही, पण नाहीसुद्धा म्हणालो नाही. ते निघून जाईपर्यंत पान्याला लागलेलं तेल पुसत राहिलो.

थाळीत तीन वस्तू आहेत. दोन त्यांच्या, एक माझी. तुमची एकही नाही. शेठजी पाच वाजता चहा घेऊन खाली येतात. अजून हे मी फक्त तुम्हालाच सांगितलं आहे.