प्रवचनातल्या प्रश्नांना पूर्ण वाक्यात उत्तरं

चि. सौ. भाचीस मावशीचा सप्रेम सलाम.

रविवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उपासनेत काय घडलं ते तुला त्याच दिवशी तुझ्या पाच वर्षांच्या मुलीकडून फोनवर कळलं आहे, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. तिने सांगितलं ते खरं आहे, फक्त क्रम चुकला आहे. जावईबापूंची पाठ आता बरी असेल. (घर बदलताना त्यांनी कपाट एकट्याने उचललं हे मला पटलेलं नाही, पण तो विषय वेगळा.)

वर्षभर तू चर्चला आली नाहीस. त्याआधी यायचीस तेव्हा धाकटा रडला की तू त्याला घेऊन बाहेर जायचीस, आणि परत यायचं तर सगळ्या बाकांमधून, सगळ्यांच्या नजरेखालून चालत यावं लागायचं. मग तू अंगणातूनच घर गाठायचीस. मी तेव्हा म्हटलं, तू लाड करतेस, वळण लावलं की मुलं बसतात. आणि आता घर बदलताना म्हटलं, नवं घर लागेपर्यंत दोघांना माझ्याकडे दे, उपासनेत बसायला शिकवून परत करते. जन्मभर वर्ग सांभाळलेल्या बाईने असं म्हणण्यात काही गैर नव्हतं. रोज दुपारी मी जेवणाच्या खुर्च्या ओळीने मांडून सराव घेतला. नियम मोजकेच: पाय हलवायचे नाहीत, मध्येच बोलायचं नाही, आणि मोठ्यांनी काही विचारलं तर हात वर करून, उभं राहून, पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. धाकटा जेमतेम तीन वर्षांचा, पण त्यालाही जमलं. शनिवारी मी स्वतःवर खूश होते.

आपले पाळक प्रवचन कसं करतात ते तुला माहीत आहे. सांगायचं असतं एक, त्यासाठी ते विचारतात पाच प्रश्न, आणि उत्तराची अपेक्षा नसते. (इतकी वर्षं समोर बसूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपण मोठी माणसं ऐकतो कुठे?) त्यांनी विचारलं, आज सकाळी उठल्यावर आपण सर्वांत आधी काय केलं? धाकटा बाकावर उभा राहिला, हात वर केला आणि म्हणाला, "मी आज सकाळी उठल्यावर सर्वांत आधी शू केली." वाक्य निर्दोष होतं. पाळकांनी चष्मा सारखा केला, "बरं" म्हणाले आणि पुढे गेले. तिथवर निभावलं असतं. पण मग त्यांनी विचारलं, दार लावून घेतल्यावर आपण इतरांविषयी काय बोलतो? मी तुझ्या मुलीचा फ्रॉक धरला, पण ती उठली होती.

"मावशीआजी म्हणते, ऑर्गनवाल्या बाई झोपेत वाजवतात आणि खजिनदारांच्या बायकोला चर्चमध्ये फक्त दुसऱ्यांचे कपडे दिसतात."

मी म्हटलं, खाली बस. ती म्हणाली, "पण पूर्ण वाक्यात सांगितलं ना?" मागे कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं, हसू बाकाबाकाने पुढे आलं, आणि त्या आवाजाने धाकटा दचकून रडू लागला. मी त्याला उचलून बाहेर गेले. तो दोन मिनिटांत शांत झाला. परत यायला निघाले, तर सगळी डोकी दाराकडे वळलेली दिसली, आणि मी मागे फिरले. उपासना संपेपर्यंत मी अंगणात बसले. (मुलगी आतच राहिली. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं तिने दिली म्हणे. ती काय होती हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) तेव्हा 'लाड करतेस' हे मी मागे घेते. लेखी दिलं आहे, आता पुन्हा तो विषय नको.

तुझी,
मावशी

ता. क. मुलांना उत्तरं द्यायची सवय मोडायला सांग. मी सांगून पाहिलं. त्यावर दोघांनी हात वर केले.

पुन्हा ता. क. येत्या रविवारी मला ऑर्गनवाल्या बाईंची माफी मागायची आहे. खजिनदारांच्या बायकोचं नंतर बघू. एकटीने आत जायला मन घेत नाही. तू मुलांना घेऊन ये. धाकटा रडलाच तर यावेळी तू, मी आणि तो, तिघं मिळून बाहेर जाऊ, आणि तिघं मिळून परत येऊ.

तुझ्या दिरांच्या हाती सोपवलं: मुलगी एक, मुलगा एक, दोघेही जेवलेले, धुतलेले कपडे, बाहुली, एका हाताची (दुसरा शोधते आहे), आणि चर्चच्या बाजूच्या दाराची किल्ली, पाळकांनी तुझ्या नावाने दिलेली. ते दार शेवटच्या बाकाच्या मागे उघडतं.