काचपट्टीवरची विभूती

सोलापूर, १२ फेब्रुवारी १९७६

तीर्थस्वरूप चन्नवीर दाजींस धाकट्या मेहुण्याचे, तिप्पण्णाचे, शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा, म्हशीचा खोकला आणि अक्काचा राग उताराला असावा. इकडे रत्नीचं ऑपरेशन काल पार पडलं. तुमची लेक शुद्धीवर आहे आणि शेंगाचटणीशिवाय भाताला शिवत नाही.

डोळ्यामागच्या नसेवर गाठ आहे, हे तुम्हाला ठाऊकच. वाईट जातीची निघाली तर अख्खा डोळा काढायचा, साधी असली तर डोळा ठेवून नुसती गाठ. आणि हे ठरवायचं ऑपरेशन चालू असतानाच! सर्जनसाहेब गाठीचा कण आमच्या लॅबमध्ये धाडणार, मी काचपट्ट्या देणार (अकरा वर्षं हेच करतोय, एक फुटली नाही), आमच्या डॉक्टरीणबाई तो कण दोन पट्ट्यांत दाबून, निळा रंग देऊन, मायक्रोस्कोपखाली पेशी बघणार. तोवर तिकडे साहेब हात थांबवून उभे.

आता खोटं कशाला बोलू, सकाळी मी लई घाबरलो होतो. कपाळाला विभूती लावली, मायक्रोस्कोपला लावली आणि (काय बुद्धी झाली देव जाणे) त्याच बोटांनी काचपट्ट्या पुसून ठेवल्या. कण आला, तो दाबून, रंगवून बाई डोकावल्या. पेशींत हे खडे कसले, असला आजार पुस्तकात नाही, म्हणाल्या. दाजी, मी शिवाचा जप सुरू केला! मग त्यांनी मान वर करून माझं कपाळ बघितलं. "तिप्पण्णा, आधी हात धुऊन या," एवढंच बोलल्या. नशीब, अर्धा कण शिल्लक होता. नव्या पट्टीवर केसासारख्या लांबट पेशी दिसल्या. गरीब स्वभावाच्या असतात म्हणे. साधी गाठ! डोळा राहिला! मी तिथंच रडलो, लाज कसली. बाईंनी चहा मागवला.

आपला,
तिप्पण्णा

ता. क. विभूतीचं अक्काला कळू देऊ नका. पुडी तिनंच पाठवली होती.

आणखी एक. डोळा जागेवर आहे, पण गाठीबरोबर नसही कापावी लागली. त्या डोळ्यानं रत्नीला आता कधीच दिसणार नाही. तिला ठाऊक आहे. "मामा, दुसरा आहे की," म्हणून तिनंच माझी समजूत काढली. पण अक्काला मी मागच्या पत्रात शपथेवर लिहून बसलोय, की पोरीला दोन्ही डोळ्यांनी दिसेल. सोमवारी रत्नीला घेऊन येतो. त्याआधी अक्काला तुम्ही सांगा, दाजी. पाया पडतो, माझ्यानं होणार नाही.